दोन दिनारांची गाठ

आमच्या गावच्या एसटी स्टँडला लागून एक छोटी मशीद आहे. रमजानच्या महिन्यात मगरिबच्या अजानला पाच-सात मिनिटं उरली की तिथल्या दस्तरखानावर अनोळखी माणसं येऊन बसू लागतात. कुणी ट्रकचा क्लीनर असतो, कुणी पुढची गाडी चुकलेला, तर कुणी दुकानोदुकानी फिरून माल खपवणारा. शेजारी पिशवी ठेवायची, हातपाय धुवायचे आणि बसायचं. खजूर, कलिंगडाची फोड आणि मोहल्ल्यातून आलेली भजी पुढे सरकवली जातात. नाव-गाव विचारायचं झालंच तर पाणी प्यायल्यावर. सगळ्यात आधी ताट मिळतं ते मुसाफिराला.

या माणसांकडे पाहिलं की मला सातशे वर्षांपूर्वीचा एक मुसाफिर आठवतो. शाळेच्या इतिहासात त्याचं नाव मोहम्मद तुघलकाच्या धड्यात एका ओळीपुरतं येतं : इब्न बतूता, मोरोक्कोचा प्रवासी. त्याने किती देश पाहिले, हे आपल्याला सांगितलं जातं. पण खिशात फारसं काही नसताना तो इतकं हिंडला कसा, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. त्याचं उत्तर शोधताना रमजान पुन्हा पुन्हा वाटेत येतो, म्हणून आज त्याची गोष्ट.

मोरोक्कोच्या उत्तर टोकाला, जिथून समुद्रापलीकडे स्पेन दिसतो, तिथे तंजा नावाचं बंदर आहे. १३०४ साली तिथे त्याचा जन्म झाला. घराणं काझींचं, म्हणजे न्यायाधीशांचं होतं. घरात धर्मशास्त्र आणि कायद्याचं शिक्षण होतं, बेताची सुबत्ता होती, मोठी दौलत नव्हती. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजला निघाला. आईवडील हयात होते आणि त्यांना सोडताना त्याला फार जड गेलं. सोबत कुणी मित्र नव्हता, की ज्यात सामील व्हावं असा काफिला नव्हता. बसायला एक गाढव आणि थोडं सामान, एवढंच.

आज अल्जेरियात असलेल्या बिजाया शहरात पोहोचेपर्यंत त्याला ताप भरला. वाटेत भेटलेल्या एका जाणत्या सोबत्याने बरं होईपर्यंत थांब म्हणून सांगितलं. पोराने ऐकलं नाही. मरण यायचंच असेल तर मक्केच्या वाटेवर येऊ दे, असा त्याचा हट्ट. मग त्याच सोबत्याने व्यवहाराची गोष्ट सांगितली. गाढव आणि जड सामान विकून टाक, जनावर आणि तंबू मी उसना देतो, हलका होऊन चल. स्वस्तातल्या प्रवासाचा पहिला धडा त्याला असा तापात मिळाला.

पुढे कॉन्स्टंटाईन शहराबाहेर मुक्काम असताना रात्री एवढा पाऊस कोसळला की तंबू सोडून पळावं लागलं. सकाळी शहराचा अधिकारी, अबुल हसन नावाचा एक सज्जन, काफिल्याला भेटायला आला. या तरुणाचे चिखलाने माखलेले कपडे पाहून त्याने ते आपल्या घरी धुवायला पाठवले. अंगावरचं फाटकं वस्त्र बदलून सीरियातल्या बालबेकच्या कापडाचं नवं वस्त्र दिलं. त्या वस्त्राच्या एका टोकाला गाठ होती आणि गाठीत सोन्याचे दोन दिनार होते. वाटेवर त्याला मिळालेली ही पहिली मदत. ती देणाऱ्याने हातावर ठेवून चारचौघांत दिली नाही, कापडात बांधून दिली. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये एवढी काळजी त्यात होती.

ताप काही उतरला नव्हता. अशक्तपणामुळे खोगिरावरून पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने तो स्वतःला बांधून घेई. असा तो ट्युनिसला पोहोचला. शहरातले लोक काफिल्याला सामोरे आले. ज्याचा त्याचा ओळखीचा भेटला, गळाभेटी झाल्या, ख्यालीखुशाली सुरू झाली. याला ओळखणारं कुणीच नव्हतं. तो तिथेच रडू लागला. ते पाहून एक हाजी पुढे आला, त्याला सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. राहायला पुस्तकविक्रेत्यांच्या मदरशात जागा मिळाली. रमजानची ईद त्याने तिथेच केली. घराबाहेरची ही त्याची पहिली ईद. पुढे जगभर मिरवणाऱ्या या माणसाचं ते रडणं मला त्याच्या सगळ्या पराक्रमांपेक्षा जवळचं वाटतं. ज्यांनी शिक्षणासाठी किंवा आखातातल्या नोकरीसाठी घर सोडून पहिली ईद, पहिली दिवाळी परक्या खोलीत काढली आहे, त्यांना ते समजेल.

ट्युनिसहून हजचा काफिला निघाला तेव्हा त्याला काफिल्याचा काझी नेमलं. शिकलेली विद्या पैशाच्या जागी चालते, हे तिथे त्याला कळलं. मोरोक्कोपासून भारतापर्यंत सगळीकडे मशिदी, मदरसे आणि कज्जे होते. अरबी जाणणारा, कायदा शिकलेला माणूस कुठेही उपयोगी पडे. पण विद्या म्हणजे रोजची भाकरी नव्हे. ती कुठून येत होती?

इथे थोडं थांबून सांगतो. रमजानमध्ये बहुतेक मुस्लिम कुटुंबं वर्षाची जकात काढतात, हे वाचकांना ठाऊक असेल. ती कुणाला द्यायची, याचे आठ वर्ग कुराणात ठरवून दिले आहेत. गरीब आणि कर्जात बुडालेले त्यात आहेत, आणि आठवा वर्ग मुसाफिराचा आहे. त्याच्यासाठी जो अरबी शब्द आहे त्याचा अर्थ होतो वाटेचा मुलगा. घरी तो सुखवस्तू असेना का, प्रवासात अडकला असेल तर त्याचा हक्क लागतो. मुसाफिराला रोजे पुढे ढकलण्याची सवलतही आहे. जकातीखेरीज वक्फची सोय होती. कुणी शेत, कुणी दुकान, कुणी हमामखाना कायमचा दान करून ठेवी आणि त्याच्या उत्पन्नातून सराया, पाणपोया, मदरसे, दवाखाने चालत. आपल्याकडच्या धर्मशाळा आणि अन्नछत्रं आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. इब्न बतूता हिंडला तो या जाळ्यावर.

कैरोत त्याने सुफींच्या खानकाहांची व्यवस्था पाहिली आणि बारकाईने लक्षात ठेवली. नवा पाहुणा दारात येई तो कंबर कसलेली, पाठीवर नमाजची चटई, उजव्या हातात काठी आणि डाव्या हातात वजूचं भांडं अशा थाटात. आत प्रत्येकाला सकाळी आज काय खाणार म्हणून विचारलं जाई. रोटी आणि रस्सा प्रत्येकाच्या वेगळ्या भांड्यात मिळे. हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे कपडे, महिन्याला वीस ते तीस दिरहम, गुरुवारी रात्री साखरेची मिठाई, साबण, हमामाचे पैसे आणि दिव्याचं तेलसुद्धा. दिव्याच्या तेलाची आठवण ज्याला राहते, त्याने अंधारात रात्री काढलेल्या असतात.

तांबड्या समुद्राकडून मक्केला जायची वाट लढाईमुळे बंद होती. म्हणून तो उलटा फिरला आणि सीरियात गेला. १३२६ च्या ऑगस्टमध्ये, रमजानच्या नवव्या दिवशी, तो दमास्कसमध्ये शिरला.

या शहरावर त्याचा जीव जडला. तिथल्या वक्फांची यादी त्याने दिली आहे ती थक्क करणारी आहे. हजला जाऊ न शकणाऱ्याच्या वतीने जाणाऱ्याचा खर्च, गरीब मुलींच्या लग्नाचं सामान, कैद्यांची सुटका, मुसाफिरांचं अन्नवस्त्र आणि त्यांना आपल्या गावी पोहोचण्यापुरती वाटखर्ची, रस्त्यांची फरसबंदी, या प्रत्येकासाठी वेगळा वक्फ होता. एके दिवशी गल्लीतून जाताना त्याने पाहिलं की एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या कारभाऱ्याकडे चल. तिथे तुकडे दाखवले आणि तसली दुसरी थाळी घेण्याइतके पैसे पोराच्या हातात पडले. घरी गेल्यावर मालकाचा मार किंवा शिव्या चुकल्या. तुटलेल्या मनासाठीही कुणीतरी आपली जायदाद लावून ठेवली होती.

आणि तिथला रमजान! दमास्कसमध्ये कुणी एकट्याने रोजा सोडत नसे, असं तो सांगतो. अमीर, काझी आणि मोठे लोक आपल्या मित्रांना आणि गरिबांना बोलावत. व्यापारी आणि दुकानदार तसंच करत. जे गरीब आणि खेड्यावरचे, ते रोज रात्री कुणाच्या तरी घरी किंवा मशिदीत जमत. प्रत्येकजण घरात असेल ते घेऊन येई आणि सगळे मिळून इफ्तार करत. म्हणजे श्रीमंतांची मेजवानी वेगळी, पण गरिबांचीही आपली पंगत होती, आणि ती कुणाच्या उपकाराची नव्हती. वारीच्या वाटेवर शिदोऱ्या एकत्र सोडून बसलेल्या माणसांना हे नवल वाटणार नाही.

तिथे नूरुद्दीन सखावी नावाचे मालिकी पंथाचे शिक्षक होते. त्यांनी या मोरोक्कन पोराला रमजानभर आपल्याकडेच रोजा सोडायला सांगितलं. चार रात्री तो गेला, मग पुन्हा ताप आला आणि जाणं बंद झालं. सखावींनी माणूस पाठवला. कारण सांगूनही त्यांनी ऐकलं नाही. घरी आणवलं, तिथेच ठेवून घेतलं, हकीम बोलावला, औषधपाणी केलं. ईदपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. तोवर गाठीचे पैसे संपले होते. सखावींना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी उंट भाड्याने केले, वाटेची शिधासामग्री भरली आणि वर रोख रक्कम दिली, अडीअडचणीला लागेल म्हणून. ईदच्या दिवशीच हाजींचा काफिला दमास्कसहून निघाला. हे नूरुद्दीन सखावी लक्षात ठेवा. ते पुढे आणखी एकदा भेटणार आहेत.

दमास्कसमध्ये एवढ्या दिवसांत त्याने उमय्यद मशिदीत बुखारींचा हदीस ग्रंथ चौदा बैठकांत ऐकला आणि एक लग्नही केलं. लग्न ही त्याची सवयच होती. ट्युनिसहून पुढे निघाल्यावर वाटेत एक झालं, मोडलं, दुसरं झालं. गावोगावी निकाह, पुढे निघताना तलाक. त्याचा चाहता असूनही ही बाजू झाकावी असं मला वाटत नाही. जगाने त्याचं दर मुक्कामी आतिथ्य केलं, पण मागे राहिलेल्या बायकांचं काय झालं, हे त्याच्या ग्रंथात फारसं येत नाही.

मक्केत हज झाल्यावर तो परतला नाही. इराकच्या काफिल्यासोबत गेला. त्या काफिल्यात गरिबांसाठी पाणी वाहणारे उंट वेगळे होते. पितळेच्या मोठ्या हंड्यांत अन्न शिजे, आजाऱ्यांसाठी औषधं आणि साखर बरोबर असे. पुन्हा मक्केला येऊन तो बराच काळ राहिला. तिथल्या रमजानच्या रात्रीचं एक चित्र त्याने काढून ठेवलं आहे. सहेरीची वेळ असेपर्यंत मशिदीच्या मिनारावर कंदील टांगलेले असत. ज्यांची घरं लांब, ज्यांना हाक ऐकू येत नसे, ते धाब्यावर चढून पाहत. कंदील दिसला की खायला अजून वेळ आहे, विझला की हात थांबवायचा.

येमेन, आफ्रिकेचा पूर्व किनारा असं करत तो तुर्कस्तानात गेला. तिथे त्याला अखी भेटले. हा त्याच्या प्रवासातला मला सर्वांत आवडणारा भाग. अखी म्हणजे तरुण कारागिरांचे संघ, आपल्या गल्लीतल्या तरुण मंडळासारखे, फक्त वर्गणीचा उपयोग वेगळा. दिवसभर काम करायचं, संध्याकाळी कमाई प्रमुखाकडे आणून द्यायची, त्यातून फळं आणि जेवणाचं सामान आणायचं आणि गावात जो परका आला असेल त्याला जेवू घालायचं. परका नसेल तर आपण मिळून जेवायचं. अंतालिया शहरात एक जुनाट कपड्यांतला, डोक्यावर नमद्याची टोपी घातलेला माणूस आला आणि काहीतरी बोलला. याला तुर्की येत नव्हतं. दुभाष्याने सांगितलं, हा तुम्हाला आणि तुमच्या सोबत्यांना जेवायला बोलावतो आहे. याला वाटलं, हा गरीब बिचारा, आपल्या एवढ्या माणसांना काय घालणार? तेव्हा कळलं की तो चांभार आहे, आणि निरनिराळ्या धंद्यांतल्या सुमारे दोनशे कारागिरांनी त्याला आपला प्रमुख निवडलं आहे. रात्री गेले तर सुंदर गालिचे, इराकी काचेची झुंबरं आणि पाहुण्यांसाठी मांडलेली मेजवानी.

लादिक गावात तर गंमत झाली. बाजारातून जाताना दुकानांतून माणसं धावत आली आणि घोड्यांचे लगाम धरले. दुसरा एक जथा आला, दोघांत वाद झाला, सुरे निघाले. हे सगळे घाबरले, लुटारू समजले. तेवढ्यात अरबी जाणणारा एक हाजी भेटला. त्याने सांगितलं, भांडण तुम्हाला लुटायचं नाही, तुम्हाला कुणी उतरवून घ्यायचं याचं आहे. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. एका संघाकडे आधी मुक्काम, मग दुसऱ्याकडे.

रमजान त्याला अशा किती ठिकाणी भेटला! तुर्कस्तानातल्या अक्रिदूरच्या सुलतानाकडे रोजा सोडायचा पहिला घास म्हणजे लहान थाळीतली डाळ, तूप आणि साखर घालून केलेली रोटीची कुस्करी. रशियातल्या बुल्गार गावी उन्हाळ्याची रात्र एवढी छोटी की रोजा सोडला, इशा आणि तरावीह झाली की लगेच पहाट, असंही त्याने लिहवून घेतलं आहे. बुल्गारला तो खरंच गेला होता का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. तशी शंका त्याच्या चीनच्या काही भागाबद्दलही आहे, आणि दमास्कसच्या वर्णनात त्याच्या आधीच्या इब्न जुबैर या प्रवाशाच्या ग्रंथातला बराच मजकूर आला आहे. सगळंच डोळे मिटून घेऊ नये. पण आपल्या फजितीच्या गोष्टी कुणी दुसऱ्याच्या वहीतून उचलत नाही.

सप्टेंबर १३३३ मध्ये तो सिंधूच्या काठी आला. आता तो तापाने कण्हणारा पोरगा राहिला नव्हता. नोकर, घोडे, गुलाम बरोबर होते. हो, गुलाम. त्या काळच्या पैसेवाल्यांप्रमाणे तो माणसं विकत घेई, भेट देई आणि घेई, आणि त्यात त्याला काही खटकलेलं दिसत नाही. दमास्कसच्या त्या थाळी फुटलेल्या पोरासाठी ज्याचं मन हललं, त्याच माणसाचं हे दुसरं अंग.

दिल्लीत मोहम्मद तुघलक परदेशी विद्वानांना हात सैल सोडून देत असे. पण रिकाम्या हाताने दरबारात जायचं नाही. जो नजराणा द्याल त्याच्या कितीतरी पट सुलतान परत देतो, हे ठाऊक असल्याने व्यापारी नवख्यांना उधारीवर घोडे आणि वस्तू देत. यानेही घेतल्या. सुलतानाने काझीपद दिलं, वर्षाला बारा हजार दिनार पगार, वर गावांचं उत्पन्न. स्थानिक भाषा येत नव्हती, तर मदतीला माणसं दिली. आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या दस्तरखानावर जेवून कधी कर्ज न झालेला हा माणूस पगारदार झाल्यावर ५५ हजार दिनारांच्या कर्जात बुडाला! सावकार राजवाड्याच्या दाराशी उभे राहून सुलतानाच्या नावाने दुहाई देऊ लागले. आपल्या मराठीतली द्वाही तीच. ऋणको समोर असताना अशी द्वाही दिली की पैसे चुकवल्याशिवाय त्याला पुढे पाऊल टाकता येत नसे. सुलतानाच्या स्तुतीचं अरबी काव्य रचून त्याने सुटका करून घेतली.

पुढची सुटका काव्याने होणारी नव्हती. दिल्लीबाहेर एका गुहेत राहणाऱ्या शेख शिहाबुद्दीन यांना तो भेटून आला होता. त्या शेखांवर सुलतानाची मर्जी फिरली, त्यांना ठार मारलं, आणि त्यांना भेटलेल्यांची चौकशी सुरू झाली. याच्यावर चार गुलामांचा पहारा बसला. त्या दरबारात पहारा बसलेला माणूस सहसा जिवंत सुटत नसे. त्याने सलग पाच दिवस रोजा धरला, घोटभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, रोज पूर्ण कुराण वाचलं. एक दिवस सोडून पुन्हा चार दिवस. नमाजाला उभा राहायचा, बसायचा, वाट पाहायचा. तो सुटला.

सुटल्यावर त्याने नोकरी सोडली. होतं नव्हतं ते फकिरांना वाटलं, एका फकिराशी अंगावरच्या कपड्यांची अदलाबदल केली आणि कमालुद्दीन नावाच्या गुहेत राहणाऱ्या सत्पुरुषाकडे जाऊन राहिला. पाच महिने. दिल्लीच्या मुक्कामातले हेच दिवस त्याने बिनखर्चाचे काढले.

सुलतानाने पुन्हा बोलावलं आणि चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. घोडे, दास-दासी, भरजरी कपडे असा नजराणा घेऊन १३४२ च्या सुमारास तो दिल्लीहून निघाला आणि थोड्याच दिवसांत आजच्या अलीगढजवळ लुटला गेला. आठवडाभर उपाशी, लपत, भटकत राहिला. शेवटी एका अनोळखी माणसाने खांद्यावर घेऊन त्याला गावापर्यंत आणलं.

याच प्रवासात तो आपल्याकडे आला. दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला, तिथल्या तळघरातल्या मांजराहून मोठ्या उंदरांच्या गोष्टी ऐकल्या, द्राक्षं आणि डाळिंबांचा वर्षातून दोनदा येणारा बहर नोंदवला. तिथून नंदुरबारला. इथले मराठे कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, त्यांचं जेवण भात, भाज्या आणि तिळाचं तेल, जेवणाआधी ते नीट अंग धुतात, सात पिढ्यांच्या नात्यात लग्न करत नाहीत आणि दारू पीत नाहीत, असं त्याने सांगून ठेवलं आहे. चौदाव्या शतकातल्या नंदुरबारच्या ताटात काय होतं, हे आपल्याला तंजाच्या माणसाकडून कळतं.

खंबायतवरून समुद्रमार्गे गोवा, ज्याला तो संदापूर म्हणतो. गोव्याजवळच्या एका बेटावर देवळाच्या भिंतीला टेकून बसलेला जोगी त्याला भेटला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. खुणांनी बोलणं झालं. जोग्याने पैसे घेतले नाहीत. इब्न बतूताच्या हातातली जपमाळ मात्र पाहिली, आणि याने ती त्याला देऊन टाकली. निघताना जोग्याने मागून वस्त्र ओढलं आणि याच्याच हातात दहा दिनार ठेवले. हा जोगी मनातून मुसलमान असला पाहिजे, असा तर्क इब्न बतूताने लढवला. मला तो पटत नाही. अनोळखी मुसाफिराला काही देऊन पाठवायला माणूस कुठल्याही देवळात बसलेला असू शकतो.

त्या दहा दिनारांचं मोल पुढे कालिकतला कळलं. चीनला जायची मोठी जहाजं बंदरात उभी होती. शुक्रवारच्या नमाजासाठी तो किनाऱ्यावर राहिला, रात्री वादळ झालं. नजराण्याचं जहाज फुटलं, माणसं बुडाली. याचं सामान असलेलं दुसरं जहाज शिडं उभारून निघून गेलं. मुक्त केलेला एक गुलाम जवळ होता, तोही सोडून गेला. सुलतानाचा वकील वाळूवर उभा होता. जवळ होती एक सतरंजी आणि जोग्याने दिलेले दहा दिनार.

दिल्लीला परत जायची हिंमत नव्हती. मग मालदीव, तिथे काझीपद, पुन्हा लग्नं, पुन्हा वाद. श्रीलंकेत आदमच्या पावलाचा डोंगर. होनावरच्या दक्षिणेला समुद्रात चाच्यांनी गाठलं आणि अंगावरच्या विजारीखेरीज सगळं नेलं, प्रवासातली टिपणंसुद्धा. त्या विजारीवर तो कालिकतच्या मशिदीत शिरला. एका पंडिताने अंगरखा पाठवला, काझीने पागोटं, एका व्यापाऱ्याने आणखी एक अंगरखा. ज्या गावाने त्याला दोनदा कंगाल अवस्थेत पाहिलं, त्याच गावाने त्याला कपडे घातले. बंगालमध्ये स्वस्ताई एवढी की एका दिरहमला आठ कोंबड्या. मग सुमात्रा आणि चीन. तिथल्या सरायांत रात्री अधिकारी येऊन पाहुण्यांची नावं लिहून दाराला कुलूप घालत असे आणि सकाळी मोजून बाहेर सोडत असे, हे त्याला फार आवडलं.

परतीच्या वाटेवर, १३४८ साली, बावीस वर्षांनी तो दमास्कसला आला. तिथे सोडून दिलेल्या बायकोला मुलगा झाला होता, हे त्याला भारतात असताना कळलं होतं. त्याने मुलाच्या आजोबांकडे भारतातून सोन्याचे चाळीस दिनार पाठवले होते. आता त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मुलाची चौकशी करायला तो मशिदीत गेला, आणि समोर आले ते नूरुद्दीन सखावी. त्याने सलाम केला. त्यांनी ओळखलं नाही. ओळख पटवून दिल्यावर त्याने मुलाबद्दल विचारलं. तो बारा वर्षांपूर्वीच गेला, असं त्यांनी सांगितलं. तंजाचा एक वृद्ध विद्वान गावात आहे, असंही सांगितलं. तिकडे गेल्यावर कळलं, वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. आई अजून आहे.

ते वर्ष प्लेगचं होतं. दमास्कसमध्ये एका दिवसात दोन हजारांपर्यंत माणसं मेली, असं तो सांगतो. तेव्हा शहराच्या नायबाने सर्वांना तीन दिवस उपवास करायला सांगितलं. बाजारात दिवसा अन्न शिजवणं बंद झालं. मग सगळं शहर अनवाणी बाहेर पडलं. मुसलमान हातात कुराण घेऊन, यहुदी तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन, बायकामुलं रडत बरोबर. शहराबाहेरच्या एका मशिदीपर्यंत सगळे एकत्र गेले आणि दुपारपर्यंत दुआ मागत राहिले. रमजान नव्हता, पण तीन दिवस अख्ख्या शहराचा रोजा होता.

१३४९ च्या अखेरीस तो मोरोक्कोला पोहोचला. त्याआधी थोडेच दिवस प्लेगने आई गेली होती. तो तंजाला जाऊन तिच्या कबरीवर उभा राहिला.

एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. हा आधी स्पेनला आणि मग १३५२ मध्ये सहारा ओलांडून मालीला गेला. तिथल्या प्रवासाचा हिशेब त्याने फार नेमका दिला आहे. शिधा बांधून न्यायची गरज नाही, सोनंचांदीही नको. मिठाचे खडे, काचेचे मणी आणि थोडा मसाला जवळ असला की पुरे. गावात शिरलं की बायका बाजरीसारखं धान्य, दूध, कोंबड्या घेऊन येतात आणि त्यावर सौदा होतो. वाटा सुरक्षित, सोबतही लागत नाही.

मालीच्या सुलतान सुलेमानकडून मात्र त्याची निराशा झाली. सुलतानाची भेट येते आहे म्हणून निरोप आला. हा उठून उभा राहिला, मनात वस्त्रं आणि मोहरा. आलं काय, तर तीन रोट्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्याच्या तुंब्यात दही. त्याला हसू आवरेना. एकेकाळी दोन दिनारांवर डोळे भरून आलेल्या माणसाला दिल्लीने बिघडवलं होतं, दुसरं काय! रमजान लागल्यावर तो भर दरबारात उभा राहिला. चार महिने झाले, तुम्ही विचारपूस केली नाही, दुसऱ्या राजांना मी तुमच्याबद्दल काय सांगू, असं तोंडावर बोलला. सुलतानाने घर दिलं, खर्चाची सोय केली. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री सुलतान काझी, खतीब आणि विद्वानांना जकात म्हणून रक्कम वाटत असे. त्यात या मुसाफिराचाही वाटा निघाला, ३३ आणि एक तृतीयांश मिस्काल सोनं.

मालीहून तो परतला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. मोरोक्कोच्या सुलतानाच्या हुकमावरून त्याने फेसमध्ये बसून इब्न जुझय नावाच्या लेखनिकाला सगळी हकिगत सांगितली आणि डिसेंबर १३५५ मध्ये ते सांगणं पुरं झालं. पुढची वर्षं त्याने मोरोक्कोतच एका गावी काझी म्हणून काढली आणि १३६८ च्या आसपास तो वारला. टिपणं तर चाचे घेऊन गेले होते. सुलतानांनी दिलेल्या घोड्यांचे आणि वस्त्रांचे हिशेब त्याने आठवणीतून सांगितले. तसंच तीस वर्षांपूर्वीची कॉन्स्टंटाईनची ती पावसाळी सकाळ, अबुल हसनचं नाव, बालबेकचं कापड आणि त्याच्या टोकाची गाठही सांगितली.